लाल चिंधीचा पंप

महिपती वानखडेला खुर्चीवर बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्यानं पुढं येऊन सांगावं. एकोणीस वर्षं हा माणूस धायरीतल्या अकरा इमारतींच्या एका सोसायटीत बागेचं काम करत होता, आणि एकोणीस वर्षांत त्याचा चहासुद्धा कधी बसून झाला नाही. कप डाव्या हातात, कात्री उजव्या. घोट घेता घेता दोन वाळक्या काड्या छाटून मोकळा. वॉचमन म्हणायचे, मामा, टेका की जरा. तर हा म्हणायचा, मी टेकलो की तण वाढतं. आणि लगेच चालू पडायचा, कारण सी इमारतीच्या मागं कुणीतरी पाण्याचा पाइप चालूच ठेवलाय असं त्याला उगाच वाटायचं. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तो चालूच निघायचा.

माणूस मूळचा मेहकरकडचा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मेहुण्याच्या ओळखीनं पुण्यात आला तो मार्केट यार्डात फुलांची पोती उतरवायला. बाकीचे हमाल पोतं टाकलं की बिडी शिलगवायचे, आणि हा खाली पडलेल्या गुलाबाच्या काड्या उचलून त्यांचे फुटव्याचे डोळे मोजत उभा राहायचा. एका नर्सरीवाल्यानं ते पाहिलं आणि त्याला घेऊन गेला. कलम, छाटणी, फवारणी, सगळं तो तिथं शिकला. पुढं दिग्विजयनं त्याला उचलला. हा दिग्विजय म्हणजे सोसायट्यांच्या आणि ऑफिसांच्या बागांचे ठेके घेणारा ठेकेदार. त्याच्याकडं पंधरा वर्षं साधा माळी म्हणून राबल्यावर महिपती सुपरवायझर झाला. हाताखाली आठ माणसं आणि शर्टावर नावाची पट्टी. रुपालीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पहिल्या दिवशी त्या शर्टाला हळदकुंकू लावलं आणि मगच अंगात घालू दिला.

त्याच्या हातचं सगळ्यात मोठं काम म्हणजे जास्वंदीचं कुंपण. फिरायच्या वाटेच्या कडेनं एकशे बारा झाडं, सगळी तांबडी, पाच पाकळ्यांची, देवाला चालणारी. यातलं एकही विकत आणलेलं नव्हतं. एका झाडाच्या काड्या लावत लावत त्यानं चार वर्षांत ती रांग उभी केली होती. गणपतीचे दहा दिवस सोसायटीच्या मांडवात जी फुलं चढायची, ती या कुंपणाची. बाकीच्या दिवसांत काय व्हायचं, ते पुण्यात सोसायटीत राहणाऱ्याला सांगायला नको. सकाळी सहाला फिरायला निघालेली भली भली माणसं येताना खिसे फुगवून यायची. निवृत्त अधिकारी काय, बँकेतले साहेब काय. आणि हटकलं की म्हणायची, दोनच तर घेतली हो.

याला आळा घातला तो विमलाबाई खांबेट्यांनी. बाईंनी शनिवार पेठेतल्या एका शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलेलं. यजमान गेल्यावर बंगळुरूच्या मुलानं त्यांना इथं बी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिला. सहा वर्षांपूर्वी राहायला आल्या आणि पंधरा दिवसांत नोटीस बोर्डावर त्यांच्या हातचा कागद लागला: ‘एका घरास दिवसाला एक फूल. घरात देव वाढवल्यास फुले वाढवून मिळणार नाहीत.’ शिवाय सकाळी सहाला छत्री टेकत स्वतः कुंपणापाशी हजर. पस्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडलेली बाई ती. तिच्यासमोर कुणाची छाती आहे दुसरं फूल तोडायची?

महिपतीचं आणि त्यांचं मात्र पहिल्या दिवसापासून जमलं नाही. बाईंना बागेतलं सगळं कळायचं, किंवा कळतं असं त्यांना वाटायचं, आणि दोन्ही गोष्टी माळ्याला सारख्याच तापदायक. हा कात्री चालवायला लागला की त्या मागं उभ्या. “महिपतराव, झाडं छाटताय की सूड उगवताय?” हा खत टाकायला लागला की, “जरा बेतानं. लग्नाची पंगत नाही ती.” त्यातून त्यांचं ते ताक. स्वयंपाकघरात चार दिवस आंबवायचं, त्यात हिंग घालायचा, आणि वाटीभर बादलीत मिसळून झाडांच्या बुडाशी ओतायचं. वास असा सुटायचा की फिरणारे लोक तेवढी वाट पळत पार करायचे. महिपतीनं समितीकडं पाचसहा वेळा तक्रार केली होती की बाईंना आवरा, नाहीतर मला तरी सोडा. देवाला हात जोडतानासुद्धा तो मनातल्या मनात म्हणायचा, एवढी एक बाई बागेत यायची थांबव.

आता पंपाचं सांगतो, कारण सगळं घडलं ते पंपापायी. पाठीला अडकवायचे दोन पंप होते. एक औषध फवारायचा. दुसरा फक्त तणनाशकाचा, आणि त्याच्या पट्ट्याला रुपालीच्या जुन्या साडीची लाल चिंधी बांधलेली. हिरवळीत रुंद पानाचं तण माजलं की हे तणनाशक मारायचं. गवताला ते काही करत नाही, पण दुसऱ्या कुठल्या झाडाला त्याचा वारा लागला तरी पानं पिळवटतात. ते पंपाच्या रबरात, नळीत, जाळीत मुरून बसतं. कामावर नवा माणूस आला की महिपती पहिल्या दिवशी त्याला त्या चिंधीपुढं उभा करायचा आणि दम भरायचा, हा पंप गंगेत बुडवून आणलास तरी दुसऱ्या कामाला घ्यायचा नाही. कानाला खडा लावून घे.

श्रावणातला आठवडा होता. दोन दिवस उघडीप मिळाली. सोमवारी महिपतीनं हिरवळीवर तणनाशक मारून घेतलं. मंगळवारी सकाळी बघतो तर जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस चिकटलेला. पिठ्या ढेकूण. हा किडा एकदा बसला की कळ्या गळून पडतात, आणि गणपती तीन आठवड्यांवर. सिंहगडाच्या बाजूनं आभाळ पुन्हा भरून यायला लागलं होतं, म्हणजे फवारणी त्याच दिवशी उरकायला हवी. त्यानं औषधाचा पंप काढला, दट्ट्या दाबला, तर वायसर फाटलेलं. नवं मिळणार मार्केट यार्डात. जाऊन येऊन अर्धा दिवस.

तेवढ्यात सलिल आगाशे ऑफिसला निघाला होता तो गाडीची काच खाली करून थांबला. सलिल हा बाग समितीचा सेक्रेटरी, चाळिशीचा, हिंजवडीला कंपनीत. माणूस वाईट नाही, पण कुठल्याही गोष्टीचं ‘रूट कॉज’ त्याला दहा मिनिटांत सापडतं. “काका, गणपतीला फ्लॉवरिंग ऑन टाइम येईल ना? यंदा मीटिंगमध्ये काँट्रॅक्ट रिन्यूअल पण आहे,” तो म्हणाला. आणि महिपती बोलून गेला की संध्याकाळच्या आत फवारून होतंय साहेब, काळजी सोडा.

बोलला आणि अडकला. एखाद्याला यार्डात पिटाळता आलं असतं. पाऊस एक दिवस लांबलाही असता. नाही असं नाही. पण दम धरणं या माणसाच्या पत्रिकेतच नाही. जेवणाच्या सुट्टीत माणसं पांगली, तसा तो हत्यारांच्या खोलीत गेला आणि लाल चिंधीचा पंप बाहेर काढला. साबणाची पूड घालून तीनदा धुतला. नळी काढून तिच्यातून पाणी सोडलं. नाकाला लावून पाहिला, वास नव्हता. मग पट्ट्याची चिंधी सोडून खिशात घातली. ती का सोडली, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. चार वाजायच्या आत एकशे बारा झाडं फवारून झाली, साडेचारला सर आली, आणि महिपती भलताच खूश होऊन घरी गेला.

शुक्रवारी उजाडता उजाडता तो कुंपणापाशी आला आणि पहिल्याच झाडाचं पान उलटं करून बघितलं. कोवळी पानं आत वळली होती. शेंडे वाकडे होऊन जमिनीकडं झुकले होते, ओलं फडकं पिळावं तसे देठ पिळवटलेले. एक झाड बघितलं, दुसरं बघितलं, मग तो नुसता चालत सुटला, शेवटपर्यंत. सगळ्यांची तीच गत. काय झालंय हे त्याला पहिल्या पानालाच कळलं होतं. तरी शेवटच्या झाडापर्यंत गेला, न जाणो एखादं वाचलं असेल. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं पुढच्या बाजूचे पाचपंचवीस शेंडे खुडले आणि खतखड्ड्यात पाचोळ्याखाली दाबले. जसे काही उरलेले लोकांना दिसणारच नव्हते.

दुपारपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर फोटो फिरायला लागले. आणि तिथंच कुणीतरी लिहिलं की बुधवारी नि गुरुवारी खांबेटे बाई याच रांगेला ताक घालत होत्या. ते खरंच होतं. बाईंनाही ते पांढरं पीठ दिसलं होतं, आणि त्यांनी दोन दिवस बादल्या वाहून सगळ्या झाडांना आपला उतारा दिला होता. तारखा जुळल्या, ताकाच्या वासानं वैतागलेले लोक तयारच होते. शनिवारी सकाळी सलिल खाली आला. पान हातात घेऊन त्यानं उलटसुलट पाहिलं आणि महिपतीला विचारलं, “काका, आजींच्या त्या ताकामुळंच झालं असणार ना हे?”

तेवढ्यात महिपतीच्या डोळ्यांपुढून काय काय गेलं! पुढच्या रविवारची मीटिंग, ठेक्याचं नूतनीकरण, हाताखालची आठ माणसं, दिग्विजयचा चेहरा, शर्टावरची पट्टी.

“असू शकतं साहेब,” तो म्हणाला.

दोन शब्द. खोटं असं काही बोललो नाही, असं त्यानं दिवसभर स्वतःला समजावलं. असू शकतं म्हणजे आहे असं थोडंच? कारणं काय हो, मागाल तितकी मिळतात. संध्याकाळी नोटीस बोर्डावर छापील कागद लागला: समितीच्या परवानगीविना कोणत्याही रहिवाशाने सामायिक बागेत कोणतेही मिश्रण वापरू नये, आणि श्रीमती विमलाबाई खांबेटे यांनी यापुढे बागेच्या कामात हस्तक्षेप करू नये, विषय पुढील रविवारी सभेत कायम करण्यात येईल. खाली सही, शिक्का.

बाई भांडतील, असं सगळ्यांना वाटलं होतं. निदान त्या कागदातल्या शुद्धलेखनाच्या चुका तरी लाल पेनानं काढतील. कसलं काय. त्या दुसऱ्या दिवशी खाली आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. सहाचे फिरणारे लोक पहिले दोन दिवस कुंपणाशी उगाच घुटमळले, मग कुणी आलं नाही, तोडण्यासारखं होतंच काय तिथं? बागेत शांतता पसरली. महिपतीनं सहा वर्षं देवाकडं मागितलेलं नेमकं पदरात पडलं होतं.

आणि त्याचं काम कुठंच लागेना. त्यानं एका आठवड्यात पुढच्या दारची मेंदी दोनदा कापली. बरी असलेली आळी उकरून पुन्हा केली. माणसांना या टोकाचं काम अर्धं टाकायला लावून त्या टोकाला पिटाळलं, आणि ती तिथं पोचायच्या आत परत बोलावलं. दर अर्ध्या तासानं जास्वंदीपाशी जायचा, पान उलटं करून बघायचा आणि मान वर करून बी इमारतीच्या तिसऱ्या मजल्याकडं बघायचा. तिथं गॅलरीच्या कठड्यामागं बाई उभ्या असायच्या. बोलायच्या नाहीत, हातही करायच्या नाहीत, नुसत्या खाली कुंपणाकडं बघत असायच्या. मग हा घाईघाईनं तिथून निघायचा. घरी रुपालीनं विचारलं, कुणाशी भांडलात का? हा म्हणाला, नाही. ती म्हणाली, मग भांडा तरी एकदा, ताट हातात घेऊन घरभर फिरताय ते बघवत नाही.

त्या शनिवारी, म्हणजे सभेच्या आदल्या दिवशी, वॉचमननं निरोप आणला की खांबेटे बाईंनी महिपतीला वर बोलावलंय. गॅलरीतल्या कुंड्या न्यायच्यात.

दार उघडंच होतं. गॅलरीत अठरा कुंड्या ओळीनं मांडलेल्या, बाहेर काढायला म्हणून. बाई म्हणाल्या, “न्या सगळ्या. हव्या तर खाली लावा, नको तर टाकून द्या. मला झाडांतलं काही कळत नाही, हे आता लेखी आलंय.” आवाज तोच होता, पण त्यातली धार गेली होती. महिपतीनं एका वेळी दोन कुंड्या उचलायला सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला घाईत एक कुंडी कलली आणि चकचकीत फरशीवर ओली माती सांडली. आता ऐकावं लागणार म्हणून तो थबकला. बाईंनी नुसतं वाकून केरसुणीनं माती गोळा केली आणि सुपलीत भरली. तेव्हा मात्र त्याला खरी भीती वाटली.

सातव्या खेपेला बाईंनी त्याला दारात थांबवलं.

“महिपतराव, एका बादलीला एक वाटी ताक. पस्तीस वर्षं गणित शिकवलंय, माझं माप चुकत नाही. एवढ्यानं एकशे बारा झाडं अशी होतात का हो? तुम्ही इतकी वर्षं हेच करताय. खरं काय ते सांगा.”

“सांगता येत नाही बाई,” महिपती म्हणाला आणि लिफ्टमध्ये शिरला.

लिफ्टला आरसा होता. त्यानं आरशाकडं पाठ केली. खाली कुंड्या ठेवल्या, वर आला, आठवी खेप नेली. पुन्हा वर आला. शेवटच्या दोन कुंड्या उरल्या होत्या, एक कढीपत्त्याची आणि एक गवती चहाची. त्यानं त्या उचलल्या, दारापर्यंत आणल्या आणि उंबऱ्याशी खाली ठेवल्या. मग त्यानं सगळं सांगितलं. वायसर, आभाळ, साबणाची पूड, चिंधी खिशात घातली ते, आणि सलिलसाहेबांना काय उत्तर दिलं ते. सगळं बोलून होईपर्यंत तो त्या गवती चहाशीच बोलत होता.

बाईंनी दारावर हात ठेवला.

“आठ दिवस,” त्या म्हणाल्या. “आठ दिवस मी वरून त्या झाडांकडं बघतेय आणि स्वतःला सांगतेय की ही मी मारली. आणि तुम्ही खाली तिथंच उभे होतात.”

“चुकलं बाई.”

“कमिटीला सांगितलंत?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगितलंत? माझ्या कानात सांगून तुमचं मन मोकळं झालं. माझं नाव बोर्डावर लागलंय, कानात नाही.”

एवढं बोलून त्यांनी दार लावलं. दोन कुंड्या उंबऱ्याबाहेर तशाच राहिल्या. त्या वर ठेवाव्यात की खाली न्याव्यात हे महिपतीला कळेना, म्हणून तो जिन्यानं उतरून गेला.

रविवारी अकराला क्लबहाउसमध्ये सभा भरली. चाळीसेक माणसं आणि मागं चहाचा थर्मास. दिग्विजय इस्त्रीचा शर्ट घालून बागेचे फोटो पडद्यावर दाखवायला आला होता, अर्थात जास्वंदीचे वगळून. बाई आल्या नव्हत्या. महिपती दाराशी उभा होता, या पायावरून त्या पायावर. चौथा विषय निघाला आणि सलिल कागद वाचायला लागला, तसा तो दोन पावलं आत आला. दिग्विजयनं डोळ्यांनी विचारलं, काय? यानं बघितलं नाही. रात्रभर त्यानं चार वाक्यं चांगल्या पुणेरी भाषेत जुळवून ठेवली होती. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते मेहकर.

“माह्या हातानं झालं हे. ताकानं नाही झालं. तणनाशकाचा पंप म्या वापरला, मालूम असून वापरला. साहेबानं विचारलं तवा म्या खोटं बोललो. बाईंचा काही दोष नाही.”

‘म्या’ ऐकून मागं कुणीतरी फिसकन हसलं. पुढं अर्धा तास सगळे एकदम बोलत होते. बँकेतले एक साहेब म्हणाले, माणूस खरा आहे. दुसरे म्हणाले, खरा आहे तर आठ दिवस कुठं होता? हा प्रश्न बरोबरच होता. सलिलनं मान खाली घालून कागदावर काट मारली. पुन्हा एकदा त्याला दहा मिनिटांत रूट कॉज सापडलं होतं, या खेपेला स्वतःच्याच प्रश्नात, पण ते त्यानं मोठ्यानं सांगितलं नाही. शेवटी ठराव झाला: बाईंची नोटीस काढून टाकावी, ठेका चालू ठेवावा, सुपरवायझर बदलावा. आठ माणसं वाचली. दिग्विजयनं महिपतीला बाहेर कोपऱ्यात घेतलं. इतकंच म्हणाला की उद्या नऊला खराडीला हजर व्हायचं, साधा माळी म्हणून, आणि हा शर्ट आणून द्यायचा. खराडीच्या त्या आयटी कंपनीच्या आवारातली हिरवळ प्लास्टिकची आहे. तिच्यावर पाणी मारतात ते धूळ जावी म्हणून.

सोमवारी सकाळी सहाला महिपती हत्यारांच्या खोलीच्या किल्ल्या द्यायला आला. साध्या शर्टात. नवा माणूस यायचा होता. किल्ल्या वॉचमनकडं टाकून सरळ निघायचं, जास्वंदीकडं फिरकायचंच नाही, असं ठरवून आला होता आणि अर्थातच तिकडं गेला. कुंपणापाशी छत्री टेकून विमलाबाई उभ्या होत्या.

त्याला परत फिरावंसं वाटलं. पण बाईंनी त्याला पाहिलं होतं.

“मी तुम्हाला माफ केलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “करीन की नाही सांगता येत नाही. पण या झाडांचं काय करायचं, ते सांगून जा. नवा माणूस उपटून टाकेल.”

महिपतीनं सांगितलं, उपटू द्यायची नाहीत. मुळं जिवंत आहेत. पिळवटलेलं सगळं छाटायचं, खाली चांगला डोळा दिसेल तिथवर, आणि फुटवा येईपर्यंत मुळाशी पाणी तोडायचं नाही. बाई म्हणाल्या, तोंडी नको, करून दाखवा. सहा वर्षांत बागेतलं काही शिकवा असं त्या त्याला पहिल्यांदाच म्हणत होत्या. त्यानं पिशवीतून कात्री काढली, एक झाड छाटून दाखवलं आणि कात्री त्यांच्या हातात दिली. बाईंनी दुसरं झाड धरलं, जिथं धरू नये तिथं धरलं.

“आणखी दोन बोटं खाली, बाई.”

त्यांनी दोन बोटं खाली धरलं आणि कापलं. काप सरळ पडला. महिपतीचे हात पुढं यायला बघत होते. त्यानं ते पाठीमागं बांधले. तिसरं झाड, चौथं झाड. फिरणारे लोक येत होते, बघत होते, बाजूनं जात होते. विसाव्या झाडाशी बाई कंबर धरून थांबल्या.

“गणपतीला फुलं येतील?”

“नाही बाई. आता नवरात्रात.”

“म्हणजे तुम्ही नसाल.”

“नाही.”

बाईंनी मान हलवली. मग कात्री पुसून एकविसाव्या झाडाचा शेंडा हातात घेतला आणि विचारलं, “इथं की आणखी खाली?”